कच्चं पीठ

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर 'ताई', पाठ वळली की तोफ. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तीनशे माणसांचा स्वयंपाक रोज वेळेवर उतरवायचा तर बाईने गोड बोलून भागत नाही, असं तिचं मत होतं आणि बारा वर्षांत ते तिला बदलावंसं वाटलं नव्हतं. राग तिच्या नाकावर नसायचा, तो जिभेवरच असायचा. भाजी चिरणाऱ्यांपासून कारखान्याच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तो सारख्याच मापाने चाखलेला होता.

लग्न तिचं दीड वर्ष टिकलं. नवऱ्याने एकदा जेवणाचं ताट भिरकावलं, हिने त्याच संध्याकाळी संसार भिरकावला आणि बॅग घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक. त्याने काही विचारलं नाही, फक्त बॅग आत घेतली. तेव्हापासून ती तिथेच.

कँटीनमध्ये तिचा एक नियम होता. कच्चं काही माझ्या स्वयंपाकघराच्या बाहेर जाणार नाही. त्याला कारण होतं. ती नवीन असताना तेव्हाच्या मुख्य आचाऱ्याने घाईघाईत घेवड्याचे दाणे अर्धेकच्चेच वाढायला लावले होते. दुपारपर्यंत साठ माणसं पोट धरून आडवी झाली आणि चौकशीत बोट दाखवलं गेलं ते सगळ्यात नव्या बाईकडे. आचारी नामानिराळा राहिला. त्या दिवसापासून ती प्रत्येक पातेल्यातला दाणा स्वतः बोटांत चिरडून बघायची. सूप दाट करायला कॉर्नफ्लोअर लावलं तर कच्चा वास पूर्ण जाऊन पांढरं पाणी काचेसारखं होईपर्यंत डाव थांबू द्यायची नाही. नवीन पोरी कंटाळायच्या. ती म्हणायची, "कंटाळा आला तर घरी जा. माणसांच्या पोटाशी खेळ नको."

आणि याच बाईने आठ महिने एका लेकराच्या पोटाशी खेळ केला, तोही अगदी मन लावून. ते कसं झालं तेच सांगायचं आहे.

भावाला आणि वहिनीला पहिली मुलगी झाली होती. बाळ गोरंगोमटं, गाल भरलेले, पोट गोल. सहाव्या महिन्यात ते रात्रभर सलग झोपायला लागलं, तेव्हा येणारी-जाणारी बाई वहिनीला म्हणायची, किती गुणी पोर, आईला त्रास म्हणून नाही. सातव्या महिन्यात ते गुणी पोर एका सकाळी उठलंच नाही. डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलं, नातेवाइकांनी नशिबावर ढकललं आणि विषय मिटवला. तोफेने मिटवला नाही. ती म्हणत राहिली, बाळं उगाच मरत नसतात. पण तिचं कोण ऐकणार? ती काय डॉक्टर होती?

चार वर्षांनी मुलगा झाला. त्याचंही पोट टम्म, म्हणून आत्याने त्याचं नाव टम्या ठेवलं आणि तेच चालू पडलं. दुसऱ्या वर्षीही तो नीट चालेना. सकाळी उठला की घामाने चिंब आणि चिडचिडा, काहीतरी पोटात गेलं की हसरा. अडीच वर्षांचा झाला तेव्हा एका डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. टम्म पोटात लाड नव्हते, सुजलेलं यकृत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी आई-बापाला समोर बसवून सांगितलं. आजार जन्माचा आहे. आई-बाप दोघांच्या रक्तातून दोष थोडा थोडा आला आणि मुलात येऊन पुरा झाला. दोघांना स्वतःला काही होत नाही, कळतही नाही. जेवलं की यकृत साखर साठवतं, ती उपाशीपणी परत सोडायची असते. याचं यकृत साठवतं, सोडत नाही. त्यामुळे चार तास पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर इतकी उतरते की जीव जाऊ शकतो. मग डॉक्टरांनी विचारलं, आधीचं मूल? वहिनीने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक तेच असणार.

इथपर्यंत वहिनीने ऐकलं. त्यापुढचं तिच्या कानात शिरलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की पोरगी रात्रभर झोपायची तेव्हा ती भुकेने विझत होती आणि आपण तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होतो. भाऊ भिंतीकडे बघत बसला होता. आणि त्याच बैठकीत, पाच मिनिटांनी, शेजारच्या टेबलावरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलाला काय द्यायचं आणि काय नाही ते सगळं सांगून टाकलं. सांगितलं म्हणजे त्यांच्याकडून सांगून झालं. हातात एक छापील कागद दिला. पुढची तारीख दिली.

कागदावर होतं : साखर नाही, फळं नाहीत, दूध नाही. कॉर्नस्टार्च, वजनाप्रमाणे माप, पाण्यात मिसळून द्यावे. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा.

कागद घरी आला तो थेट आत्याच्या हातात. घरात स्वयंपाक तिचा, त्यामुळे खाण्यापिण्याचा कागदही तिचाच. तिने तो दोनदा वाचला आणि हायसं वाटलं तिला. कॉर्नस्टार्च म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. बारा वर्षं हातातली वस्तू. पाण्यात मिसळून? अर्थातच. आधी गार पाण्यात मिसळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. ही पहिली पायरी कुणालाही सांगावी लागते. पुढचं ज्याला स्वयंपाक येतो त्याला सांगावं लागत नाही.

तिने भाज्या उकळून गाळलेलं पाणी घेतलं, त्यात मापाचं पीठ सोडलं, मंद आचेवर ढवळत कच्चा वास घालवला, चिमूटभर मीठ टाकलं. टम्याने वाटी चाटून पुसून साफ केली. मग रोज पहाटे कामाला जाण्याआधी ती सकाळचं सूप थर्मासात भरून ठेवायची. ते वहिनी द्यायची. दुपारी बाराच्या आत स्वयंपाक उतरवून तोफ कँटीनमधून परतली की वहिनी चष्म्याच्या दुकानात कामावर जायची आणि पुढचं सगळं आत्याकडे. रात्री दोनदा गजर लावून तीच उठायची. आठ महिन्यांत एकही वेळ चुकली नाही. एकही नाही. हे मी दोनदा सांगतो आहे, कारण हॉस्पिटलच्या कागदावर याच्या नेमकं उलटं लिहिलं गेलं.

घरी बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्र होतं. आकडे वहीत लिहायचे आणि दर महिन्याला नेऊन दाखवायचे. खाल्ल्यावर तासाने बघावं तर आकडा ऐटीत वर. पुढच्या खाण्याआधी बघावं तर बेचाळीस, अडतीस, पंचेचाळीस. वहिनी वही घेऊन गेली की आहारतज्ज्ञ बाई चष्म्यावरून बघायच्या. "तुम्ही वेळेवर देत नाही."

"देतो हो. मिनिटाचा फरक नाही."

"मग हे आकडे काय सांगतायत?"

आकडे जे सांगत होते ते ऐकायला बाईंनी एकच प्रश्न विचारायचा होता, तुम्ही देता कसं? तो आठ महिन्यांत कुणी विचारला नाही. चार मिनिटांची भेट, त्यात वजन, पोट, वही. पिठाचं माप तेवढं वाढवलं. घरी येऊन आत्याने वाढवलेलं माप आणखी निगुतीने शिजवलं.

हळूहळू घरातही कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हणजे वहिनीची गप्प नजर. आपल्यामागे वन्सं पोराला गोडधोड चारतात की काय? दुपारी थकून डोळा लागतो की काय त्यांचा? भाऊ म्हणायचा, "तिच्याबद्दल असं मनातही आणू नकोस." पण म्हणताना त्याचा आवाज दर महिन्याला थोडा खाली यायचा.

आणि मग ती दुपार आली. पावणेचार वाजले होते. चारचं सूप शेगडीवर होतं, आत्या ढवळत होती, टम्या फरशीवर बाटल्यांची झाकणं रांगेत लावत होता. झाकणांचा आवाज थांबला. तिने वळून बघितलं तर पोर एका कुशीवर कलंडलेलं, डोळे वर, हात-पाय झटके देत होते. तिने त्याला तसंच उचललं आणि पायात चप्पल नसताना रस्त्यावर धावली. टॅक्सीवाला म्हणाला, "हॉस्पिटल कुठलं?" ती म्हणाली, "आधी गाडी चालव, मग सांगते."

हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा त्याची साखर एकोणीस होती. सुई, सलाईन, धावपळ. अर्ध्या तासाने टम्याने डोळे उघडले, पण कुणाकडे बघत नव्हता. तेवढ्यात वहिनी दुकानातून धावत आली. तिने आधी मुलाला बघितलं, मग नणंदेला.

"किती वाजता दिलं होतंत?"

"बाराला. आणि चारचं करत होते."

"खरं सांगा वन्सं. झोपलात ना? चुकवलंत ना?"

तोफ नुसती मान हलवत राहिली. वहिनी तिथेच वॉर्डात, सगळ्यांदेखत म्हणाली, "एक गेली माझी. दुसऱ्याला हात लावायचा नाही तुम्ही."

संध्याकाळी भावाने तिला बाहेरच्या बाकावर गाठलं. त्याच्या हाताला अजून ग्रीस होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की घरच्यांकडून हयगय होते असा शेरा फाइलवर आहे. मुलाला खायला घालणारी व्यक्ती बदला, नाहीतर आम्ही त्याला घरी सोडू शकत नाही.

"काही दिवस दुसरीकडे राहा," भाऊ म्हणाला. "एखादी खोली बघू तुझ्यासाठी."

"दादा, तुला पण वाटतं मी चुकवलं?"

तो हातावरचं ग्रीस अंगठ्याने खरवडत राहिला. त्याचं ते उत्तर तिला पुरेसं कळलं. ती रागाने लाल झाली आणि तरीही उठून गेली नाही, कारण आत टम्या होता.

सकाळी आठ वाजता वॉर्डातली सिस्टर ट्रे घेऊन आली. वहिनी खाटेच्या उशाशी, तोफ पायथ्याशी, मध्ये न बोललेलं एवढं मोठं भांडण. सिस्टरने ग्लासात गार पाणी ओतलं, डब्यातून मापाने पांढरं पीठ टाकलं, चमच्याने ढवळलं आणि ग्लास पोराच्या ओठांशी नेला.

"अहो थांबा," तोफ म्हणाली. "कच्चं आहे ते."

"कच्चंच द्यायचं असतं."

"कच्चं पीठ? आजारी पोराला?"

सिस्टर तरुण होती, आणि तिला वेळ होता, किंवा तिने तो काढला. "कच्चं असतं म्हणून तर पोटात सावकाश विरघळतं, मावशी. चार-चार तास थोडी थोडी साखर मिळत राहते. शिजवलं तर काय, तास-दीड तासात सगळी साखर एकदम रक्तात येते आणि मग धाडकन खाली. शिजवलं तर औषधच राहत नाही ते." मग तिने तोफेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला ग्लास मध्येच थांबला. "तुम्ही शिजवत होता?"

तोफेने खाटेचा गज धरला. बेचाळीस, अडतीस, पंचेचाळीस. वहीतला प्रत्येक आकडा तिला पाठ होता. प्रत्येक आकड्यामागचं पातेलंही आठवत होतं. किती वेळ ढवळलं, किती प्रेमाने मीठ टाकलं.

"शिजवत होते," ती म्हणाली. "आठ महिने."

हे तिला गिळून टाकता आलं असतं. सिस्टर कुणाला सांगायला गेली नसती. पण तिने ते सिस्टरला सांगितलंच नव्हतं, वहिनीकडे बघून सांगितलं होतं. वहिनी पांढरी पडली. मग अगदी हळू म्हणाली, "मला सांगितलं असेल त्यांनी. त्या दिवशी. मला काही ऐकू येत नव्हतं वन्सं. बाईंचे ओठ हलताना दिसत होते फक्त."

या वाक्यानंतर तोफेचा राग वहिनीवर राहणं शक्य नव्हतं. स्वतःवर होता, भरपूर होता, तो पुढे आयुष्यभर राहणार होता. पण उरलेला कुणावर, हे तिला आता चांगलं समजलं. ती उठली आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दार न वाजवता शिरली. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाई दोघेही तिथेच होते. वहिनी मागोमाग आली.

"पीठ मी शिजवून देत होते," तिने सांगितलं. "एकही वेळ न चुकवता."

आहारतज्ज्ञ बाईंनी कपाळाला हात लावला. "शिजवून? असं कोणी करतं का?"

"अख्खं जग करतं. पिठाचं दुसरं काय करतात, बाई? मी तीनशे माणसांना जेवू घालते. कच्चं पीठ कुणाला दिलं तर मला तुरुंगात टाकतील. तुमच्या कागदावर शिजवू नका हे दोन शब्द कुठे आहेत ते दाखवा."

"मी तोंडी सांगितलं होतं."

"कुणाला? जिला तुम्ही पाच मिनिटांपूर्वी सांगितलंत की तुझी आधीची पोरगी कशाने गेली, तिला? ती तेव्हा माणसात तरी होती का? तिला पाणी विचारलंत? नाही. पथ्य सांगितलंत."

डॉक्टर म्हणाले, "आपण शांतपणे बोलू या."

"शांतपणे आठ महिने गेले, डॉक्टर. दर महिन्याला वही आणत होतो. पोरगं तासाने वर जातं आणि चार तासांनी बुडतं, हे मला कळलं नाही, मी स्वयंपाकीण आहे. तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही काय लिहिलंत? हयगय."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. डॉक्टरांनी फाइल ओढली, वही उघडली आणि पहिल्यांदाच ती पानं एकामागून एक वाचली. दहा मिनिटं लागली. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. हे आकडे शिजवलेल्या स्टार्चचेच आहेत, ते म्हणाले, आमच्या लक्षात यायला हवं होतं. हे त्यांनी म्हटलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. 'हयगय'वर काट मारून त्यांनी शेजारी सही केली.

"मेंदूला काही झालंय का?" वहिनीने विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही. बोलणं, हातांची हालचाल यांवर लक्ष ठेवू. नेमकं शाळेत जायला लागल्यावर कळेल."

म्हणजे दोन-तीन वर्षं. तोपर्यंत प्रत्येक अडखळलेल्या शब्दाला यांनी घाबरायचं.

तोफेने विचारलं, "आणि कागद?"

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, मजकूर बदलायचा तर समितीपुढे ठेवावा लागेल, पुढच्या छपाईत नक्की घेऊ.

"जुने किती आहेत?"

बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला. तोफेने खुर्ची ओढली, टेबलावरचं पेन उचललं आणि पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं : कच्चेच द्यावे. शिजवू नये. मग दुसऱ्यावर. तिचं अक्षर काही सुंदर नव्हतं. पाचव्या कागदानंतर आहारतज्ज्ञ बाईंनी न बोलता अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला आणि लिहायला लागल्या. तोफेने त्यांच्याकडे मान वर करून बघितलंही नाही. माफ करायला ती तिथे बसली नव्हती.

चौथ्या दिवशी टम्या घरी आला. उजव्या हाताने वाटी धरताना ती थोडी कलायची. झाकणं रांगेत लावायला बसला, पण रांग लवकर सोडून दिली. यातलं थकव्याचं किती आणि कायमचं किती, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. खोली बघायचा विषय भावाने पुन्हा काढला नाही. पण घरात पीठ कोण देणार हेही कुणी बोललं नव्हतं. डबा ओट्यावर तसाच होता.

बारा वाजत आले तेव्हा वहिनीने डबा उचलला आणि तोफेसमोर ठेवला. "तुम्ही द्या."

तोफेने गार पाणी घेतलं, पीठ मोजलं, ढवळलं. एवढंच. हात सवयीने शेगडीकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. ग्लासातून ओल्या खडूसारखा कच्चा वास येत होता. बारा वर्षं हाच वास तिने दुसऱ्यांच्या ताटापर्यंत पोहोचू दिला नव्हता.

टम्याने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. "हे नको. आत्याचं सूप."

"सूप नाही आता. हेच."

"का?" त्याचा चेहरा रडवेला झाला. "मी पडलो म्हणून?"

त्याला वाटलं ही शिक्षा आहे. तो आजारी पडला, सगळ्यांना धावपळ करायला लावली, म्हणून आत्याने चांगलं सूप बंद करून हे पांढरं पाणी लावलं. तुझ्या आवडीच्या सुपाने तू मरत होतास, हे तीन वर्षांच्या पोराला कुठल्या शब्दांत सांगायचं?

"तू काही केलं नाहीस," ती म्हणाली. "आत्याला करता येत नव्हतं. आत्ता शिकले. पी."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पोराने नाक दाबून सगळं संपवलं.

चार तास तिघं घरातच घुटमळत राहिले. भाऊ डेपोत गेला नव्हता, वहिनी दुकानात गेली नव्हती. चार वाजता वहिनीने टम्याचं बोट पुसलं, टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. ही नेहमीची बेचाळीस-अडतीसची वेळ. यंत्राने थोडा वेळ घेतला.

"शहाऐंशी," वहिनी म्हणाली. मग पुन्हा वाचलं, "शहाऐंशी."

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवलं. तोफेलाही आनंद व्हायला हवा होता. तिला असा संताप आला, की ओट्याची कड घट्ट धरावी लागली. ग्लासभर गार पाणी आणि एक चमचा. पहिल्या दिवशी दोन शब्द कुणी लिहिले असते, तर आठ महिने रोज हाच आकडा आला असता.

"एवढंच होतं वहिनी," ती म्हणाली. "गॅससुद्धा पेटवायचा नव्हता."

वहिनीने आकडा वहीत लिहिला. "आताचं घाला. मग आठचं पण तुम्हीच द्या."

"देईन. पण माझा राग जायचा नाही, आधीच सांगते."

"माझाही नाही जायचा," वहिनी म्हणाली आणि टोचायच्या सुया जागेवर ठेवायला लागली.